पाळण्याचा हिशेब

गेल्या चातुर्मासात आमच्या संघाच्या सभेत मी दोन वाक्ये ऐकली. दोन्ही एकाच ज्येष्ठ गृहस्थांची होती. पहिले वाक्य त्यांनी व्यासपीठावरून उच्चारले : समाजाची संख्या घटत चालली आहे, तेव्हा तिसऱ्या अपत्याच्या नावे संघाने एक लाख रुपयांची मुदत ठेव ठेवावी. दुसरे वाक्य चहाच्या वेळी, बाजारपेठेमागच्या वस्तीकडे बोट दाखवून आले : ज्यांच्याजवळ काहीच नाही, त्यांच्या घरचा पाळणा मात्र थांबत नाही.

मी बँकेतून निवृत्त झालेला, म्हणून ठेवीचे गणित माझ्याकडे सोपविण्यात आले. सात टक्के चक्रवाढ दराने अठरा वर्षांत लाखाचे सुमारे तीन लाख अडतीस हजार होतात, हे मी तिथल्या तिथे सांगितले. त्यावर मागच्या रांगेतून एका सूनबाईंनी विचारले, “काका, पैसे अठराव्या वर्षी मिळतील. पहिली तीन वर्षे मूल सांभाळायला कोण येईल?” सभेत थोडे हसे झाले आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

त्या प्रश्नाने मला मात्र स्वस्थ बसू दिले नाही. व्यापारी बुद्धीला वाटते, की ज्याच्याकडे भांडवल आहे तो दुकान वाढवील. मग ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांच्या घरी एक-दोन मुले आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्या घरी चार-पाच, असे का व्हावे? एम.कॉम.ला असताना लोकसंख्येचे प्रकरण मी परीक्षेपुरते वाचले होते. ते आता, निवृत्तीनंतर, नीट वाचले.

या विषयाचा पहिला मोठा विचारवंत म्हणजे इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस रॉबर्ट माल्थस. १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने असा सिद्धांत मांडला, की अन्न वाढले की माणसे वाढतात, आणि अन्नापेक्षा माणसे वेगाने वाढत असल्याने अखेर दुष्काळ व रोगराई त्यांचा मेळ बसवतात. पुढे हाच माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. हिंदुस्थानात येणारे कित्येक गोरे अधिकारी त्याच्या हाताखाली शिकले. त्याच्या सिद्धांताचा अर्थ सरळ होता : गरिबाला साधने द्याल, तर तो पाळणे वाढवील. आमच्या गृहस्थांचे चहाच्या वेळचे वाक्य त्याच घराण्यातले आहे.

माल्थस सर्वस्वी चुकला असे म्हणता येणार नाही. साधने पोहोचू लागतात तेव्हा आरंभी लोकसंख्या खरोखरच वाढते. १९५१ साली आपला देश ३६ कोटींचा होता, १९८१ साली ६८ कोटींचा झाला. या तीस वर्षांत लोकांना अधिक मुले होऊ लागली नव्हती. झालेली मुले जगू लागली होती. देवीची लस, मलेरियाची फवारणी, दुष्काळात रेशनचे धान्य यांनी मृत्यू मागे रेटला. जन्माची सवय मात्र एका पिढीत बदलत नाही. ज्या आईने चारांतले दोन गमावले आहेत, ती पाचव्याचा विचार करते तेव्हा अडाणीपणा करत नसते. ती विमा उतरवत असते.

१९८०च्या दशकात मराठवाड्यातील एका ग्रामीण शाखेत मी पीककर्जाचे अर्ज भरून घेत असे. कुटुंबातील व्यक्तींचा रकाना आला, की मी विचारी, “मुले किती?” एका वृद्ध शेतकऱ्याने मला उलट विचारले होते, “साहेब, झालेली सांगू का जगलेली?” त्या रकान्यात मी चार हा आकडा लिहिला. झालेली आठ होती. त्या वयात मला त्या उत्तराचे केवळ नवल वाटले होते. संबंध प्रकरण त्या एका प्रश्नात होते, हे समजायला इतकी वर्षे जावी लागली.

जगाच्या पाठीवर याचा सर्वांत लख्ख दाखला आपल्या शेजारीच आहे. पाकिस्तान एक देश असताना त्याचे दोन तुकडे होते, पूर्व आणि पश्चिम. १९६१ च्या जनगणनेत पूर्व पाकिस्तानात पाच कोटींहून अधिक माणसे होती, पश्चिमेत सुमारे सव्वाचार कोटी. पूर्वेची भूमी लहान, पुराची आणि वादळांची. १९७० च्या चक्रीवादळात तेथे लाखो माणसे दगावली, १९७१ चे युद्ध झाले, १९७४ साली दुष्काळ पडला. नव्या बांगलादेशाबद्दल त्या वेळी कोणीही आशेने बोलत नव्हते. एकेका स्त्रीला सरासरी सहाहून अधिक मुले होत, आणि हजार जन्मांमागे दीडशेच्या आसपास बालके वर्षाच्या आत जात.

आज काय स्थिती आहे? २०२३ च्या जनगणनेत पाकिस्तान २४ कोटींच्या वर गेला. २०२२ च्या गणनेत बांगलादेश १७ कोटींच्या आत राहिला. जो तुकडा मोठा होता तो लहान झाला. २०१७-१८ च्या पाहणीत बांगलादेशात एका स्त्रीमागे सरासरी २.३ मुले आढळली, पाकिस्तानात ३.६. धर्म दोन्हीकडे एकच. दरडोई उत्पन्न तर अनेक दशके पाकिस्तानचेच अधिक होते. म्हणजे नुसता पैसा हे उत्तर नव्हे, आणि धर्म हेही नव्हे.

मग उत्तर कोठे आहे? ते मला चांदपूर जिल्ह्यातील मतलब या भागाच्या इतिहासात सापडले. ढाक्यातील कॉलरा संशोधन संस्थेचे तेथे केंद्र होते आणि १९६६ पासून त्या गावांतील प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवली जात होती. इतकी चोख खतावणी त्या काळी गरीब देशांत अन्यत्र क्वचितच असेल. १९७५ साली तेथे पहिला प्रयोग झाला. गावातील स्त्रियांकरवी घरोघर संततिनियमनाच्या गोळ्या वाटल्या गेल्या. आरंभी घेणाऱ्या पुष्कळ निघाल्या, पण थोड्याच महिन्यांत आकडा घसरला. गोळीने मळमळ झाली तर विचारायचे कोणाला? सासूने आक्षेप घेतला तर बोलायचे कोणी? गोळी वाटणाऱ्या बायका बहुधा वयस्क आणि निरक्षर होत्या, त्यांच्याकडे याचे उत्तर नव्हते. माल पोहोचला होता, सेवा पोहोचली नव्हती. व्यापारी वाचकांना हा फरक मी समजावून सांगायला नको.

१९७७ साली प्रयोग नव्याने आखला गेला. सुमारे दीडशे गावांपैकी जवळपास निम्मी निवडली गेली, उरलेली तुलनेसाठी सरकारी व्यवस्थेवरच ठेवली गेली. निवडलेल्या गावांत तिथल्याच, शिकलेल्या, विवाहित, स्वतः कुटुंब आटोपशीर ठेवलेल्या तरुण स्त्रिया नेमल्या. त्या दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जात. त्यांच्या पिशवीत एकच साधन नव्हते. गोळी, इंजेक्शन आणि इतर पर्याय होते, त्रास झाला तर दवाखान्याची वाट होती, पुढे बाळाची लस आणि गरोदरपणाची तपासणीही आली. पडदा पाळणाऱ्या घरातील सून दवाखान्यात जाऊ शकत नव्हती, म्हणून दवाखाना तिच्या ओसरीवर आला. अवघ्या दोन वर्षांत साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांवरून तीस टक्क्यांच्या वर गेले आणि तुलनेच्या गावांपेक्षा तेथील जन्मदर वेगाने उतरला. त्या गावांत ना नवे कारखाने आले होते, ना जमीन वाढली होती, ना उत्पन्न. बदलली होती ती केवळ पोहोच. पुढे सरकारने हीच पद्धत देशभर नेली आणि अशा स्त्री कार्यकर्त्यांची संख्या वीस हजारांच्या वर गेली.

दुसरी गोष्ट मिठागुळाच्या पाण्याची. १९७१ साली बांगला निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचे सलाईन संपले, तेव्हा कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व साखरेचे द्रावण तोंडाने पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. फजले हसन आबेद यांनी स्थापिलेल्या ब्रॅक या संस्थेने १९८०च्या दशकात हीच विद्या घरोघर नेली : चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून अधिक घरांतील आयांना ती शिकविली गेली. येथे एक बारकावा मला फार आवडला. शिकविणाऱ्या बाईचे वेतन तिने किती घरे केली यावर ठरत नसे. नंतर दुसरा माणूस जाऊन, त्या आयांच्या किती लक्षात राहिले आहे, हे तपासत असे आणि त्यावर मोबदला मिळे. आमच्या बँकेत कर्जवाटपाचे उद्दिष्ट असे तपासले असते, तर पुष्कळ बुडीत खाती टळली असती! असो. जुलाबाने मरणारे मूल वाचू लागले, तसा आईचा तो विमा अनावश्यक ठरत गेला.

१९९४ पासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळेच्या मुलींना तेथील सरकार विद्यावेतन देऊ लागले. अटी तीन : पाऊणशे टक्के हजेरी, परीक्षेत ठरावीक गुण, आणि शिक्षण संपेपर्यंत अविवाहित राहणे. त्याच सुमारास तयार कपड्यांच्या कारखान्यांत खेड्यांतल्या मुली लाखोंच्या संख्येने कामाला लागल्या. मुलीचे दोन हात घरात पैसा आणू शकतात, हे बापाला दिसले. बालविवाह मात्र तेथे अजून संपलेले नाहीत; निम्म्याच्या आसपास मुलींची लग्ने अठराच्या आत होतात, हा डाग मोठा आहे.

वाचकांना वाटेल, बँकेतला माणूस मुहम्मद युनूस आणि ग्रामीण बँकेला विसरला की काय. विसरलो नाही. मलाही वाटले होते, की सगळे श्रेय छोट्या कर्जाला द्यावे. परंतु तारखा आड येतात. जन्मदराची उतरण सत्तरीच्या अखेरीस सुरू झाली, ग्रामीण बँक १९८३ साली विधिवत स्थापन झाली आणि तिचा विस्तार त्यानंतरचा आहे. कर्जाने बाईला घरात आवाज दिला असेल, पण ओसरीवरची ती सेविका त्याआधी आली होती. पाकिस्तानानेही १९९४ साली अशा स्त्री आरोग्यसेविका नेमल्या आणि त्यांचा उपयोग झालाच. मात्र मुलींच्या शाळा मागे राहिल्या. २०१७-१८ मध्ये कुटुंबनियोजनाचे साधन वापरणारी जोडपी बांगलादेशात ६२ टक्के होती, पाकिस्तानात ३४.

येथे कोणी विचारील, की जन्मदर इतका उतरूनही बांगलादेशाची लोकसंख्या वाढतेच कशी? याचे उत्तर आमच्या खात्यातले आहे. व्याजाचा दर निम्मा केला, तरी मुद्दल मोठे झालेले असेल तर व्याजाची रक्कम काही काळ मोठीच राहते. ज्या मुली पूर्वी जन्मल्या, त्या आता आया होत आहेत. प्रत्येकीला दोनच मुले झाली, तरी आयाच संख्येने अधिक आहेत.

आपल्या देशाने दुसरा मार्गही चाखून पाहिला आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर कुटुंबनियोजन या शब्दालाच लोक घाबरू लागले आणि कार्यक्रम कित्येक वर्षे मागे पडला. जबरदस्तीने जे झाले नाही, ते पुढे शाळेने आणि दवाखान्याने केले. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाची सरासरी एका स्त्रीमागे दोन मुले इतकी आली. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी २.१ पुरतात. बिहारात हा आकडा ३.०, केरळात १.८ आणि आपल्या महाराष्ट्रात १.७. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांमध्ये २.८, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांमध्ये १.८. सर्वांत गरीब पंचमांशात २.६, सर्वांत सधन पंचमांशात १.६.

आणि जैन समाजात? १.६.

म्हणजे वस्तीतली बाई आणि आपली सून एकाच नियमाने चालतात. ज्या पायऱ्या वस्तीतली बाई आज चढते आहे, त्या आपण दोन पिढ्यांपूर्वी चढलो. २००१ च्या जनगणनेत देशातील निम्म्याहून किंचित अधिक स्त्रिया साक्षर होत्या, तेव्हा जैन स्त्रियांमध्ये हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर होते. हे आपोआप घडलेले नाही. कुंभोजच्या जैन घरात वाढलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली; मगनबेन आणि सुमतीबाई शहा यांच्यासारख्या स्त्रियांनी मुंबईत, सोलापुरात श्राविकाश्रम चालविले, विधवा आणि परित्यक्तांना अक्षर दिले. आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने सांगितली आहेत. मतलबची कहाणी वाचताना ती मला वारंवार आठवत होती, विशेषतः चौथे. आपले मूल जगेल, म्हातारपणी आपण उघड्यावर पडणार नाही, ही निर्भयता ज्या घरी पोहोचते त्या घरी पाळणा आपणहून विसावतो.

मात्र साधने हाती आल्यावर आपण सारे काही शहाणपणाने वापरले, असे म्हणण्याचे धाडस माझ्याच्याने होत नाही. त्याच २००१ च्या गणनेत सहा वर्षांखालील जैन मुलांमागे मुलींचे प्रमाण हजारास ८७० होते, देशाच्या ९२७ या सरासरीपेक्षाही कमी. मुंगीला जपणाऱ्या समाजाचा हा आकडा आहे. सोनोग्राफीचे यंत्र हेही साधनच. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९८८ साली, देशात सर्वप्रथम केला, तरी हे घडले. आज मुलांना स्थळे मिळत नाहीत म्हणून आपण मेळावे भरवतो; ज्या मुली जन्मल्याच नाहीत त्या मेळाव्याला कोठून येणार? समाजाच्या संख्येची चिंता करताना हा हिशेब सभेत कोणी मांडला नाही. मी तरी कोठे मांडला? ठेवीचे व्याज सांगून मी खाली बसलो होतो.

आणि संख्या घटते आहे, हे विधान मी तपासले. २००१ साली आपण सुमारे सव्वाबेचाळीस लाख होतो, २०११ साली साडेचव्वेचाळीस लाख, पैकी चौदा लाख महाराष्ट्रात. वाढ दहा वर्षांत ५.४ टक्के, देशाची १७.७. म्हणजे घट तेव्हापर्यंत तरी नव्हती, वेग मंदावला होता. पण १.६ हा आकडा असाच राहिला तर घट येणार, हे खरे. म्हातारे अधिक आणि सांभाळणारे कमी, हे चित्र आपल्या कित्येक घरांत आताच दिसते. तेव्हा त्या गृहस्थांची चिंता मी उडवून लावत नाही. त्यांच्या उपायाबद्दल मात्र मला शंका आहे. नुसत्या उपदेशाने वस्तीतला पाळणा थांबला नाही, तसा नुसत्या उपदेशाने आपलाही हलणार नाही. शाळेची फी वर्षाला दहा टक्के वाढली, तर अठरा वर्षांत ती साडेपाच पट होते. लाखाची ठेव तोवर साडेतीन पटही होत नाही. ठेवीचे आमिष पाहून कोणी समंजस जोडपे निर्णय बदलणार नाही. दोन खोल्यांचे घर, दिवसभर दुकान किंवा नोकरी, गावी राहिलेले सासू-सासरे, आणि मूल झाल्यावर सुटणारे काम, हे त्या सूनबाईंचे खरे रकाने आहेत.

पुढच्या सभेसाठी मी एक कागद तयार केला आहे. डाव्या बाजूस वर्षाला दहा ठेवींचे दहा लाख रुपये. उजव्या बाजूस तेवढ्याच रकमेत सभागृहामागच्या दोन रिकाम्या खोल्यांत चालू शकेल असे पाळणाघर : तीन शिकलेल्या सेविका, दूध, औषधपेटी, महिन्यातून दोनदा डॉक्टरांची फेरी. त्यात आपल्या घरची मुले येतील, आणि आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या वस्तीतल्या बायकांचीही, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलींना धाकट्या भावंडांसाठी शाळा बुडवावी लागणार नाही. या शेवटच्या ओळीवर विश्वस्तांत वाद होईल, हे मला ठाऊक आहे. तरी ती मी खोडलेली नाही.

कागदाची एक प्रत मी त्या सूनबाईंना आधी दाखविली. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे तपासले आणि एकच दुरुस्ती केली. मी वेळ सकाळी दहा ते सायंकाळी पाच अशी लिहिली होती. त्यांनी पाच खोडून साडेआठ केले. म्हणाल्या, “काका, आमचे दुकान साडेआठला बंद होते.”